कंट्रोलर काकांची सकाळची नोंद

कंट्रोलर काकांच्या जगात माणसं येत-जात नसत. ती लागत आणि सुटत. आमच्याकडे पाहुणे आले की ते त्यांच्या ओट्यावरूनच आईला विचारायचे, "वहिनी, नाशिकची लागलेली दिसती. मुक्कामी हाय का लगेच सुटणार?" पाहुणी बिचारी गोंधळून आपल्या पिशवीकडे बघायची. संगमनेरजवळच्या अकोल्याच्या एसटी स्टँडवर खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि भोंग्यावरून त्या पुकारायच्या, यात त्यांच्या नोकरीची बरीचशी वर्षं गेली. भोंग्यावर त्यांची भाषा अगदी पुस्तकी असे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." भोंगा बंद झाला की लगेच चहावाल्याला, "लई कडू केलास रं आज."

गाडी स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते वहीत वेळ लिहीत नसत. राजूरकडची गाडी रखडली की लोक खिडकीशी भांडायचे, येईल का, कधी येईल. काका शांतपणे म्हणायचे, "कळलं की सांगतो." या उत्तराने लोक आणखी चिडायचे. मी एकदा विचारलं, की येईल एवढ्यात असं म्हणायला तुमचं काय जातं? तर म्हणाले, "येईल येईल म्हणून माणसाला बसवून ठेवनं वाईट. त्याला चालत जायचं असलं तर जाऊ द्यावं." हा माणूस स्वतः पुढे असाच कुणाची तरी वाट बघत बसणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

काकू गात असत. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, चिखलात वाकलेल्या बायांमध्ये त्यांचा आवाज सगळ्यांत पुढे असायचा, आणि सुट्टीच्या दिवशी काका बांधावर छत्री धरून टेपरेकॉर्डर सांभाळत बसायचे. छत्री टेपवर, स्वतः भिजत. वैशाली, त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात असताना काकू गेल्या. चार वर्षांनी वैशालीने आपल्या मनाने लग्न केलं. काकांनी तिला चारचौघांत सांगितलं, "हे दार तुला बंद." ती सुरतेला गेली आणि तिने सगळ्या गावाशीच बोलणं टाकलं. मी तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्याशीही तिचं काही राहिलं नाही. राहिले ते समोरच्या घरात काका, आणि खोकाभर कॅसेटी.

निवृत्तीनंतर त्यांनी त्या कॅसेटी, लग्नाची शूटिंगं, फोटो, सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर चढवून घेतलं. कॉम्प्युटर शोकेसमध्ये टीव्हीच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. मी पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामाचा पगार घेते, म्हणून दिवाळीला आले की काका माझ्यावर हक्क गाजवायचे. घरातल्या टीव्हीवर सगळं छान दिसे. पण संगमनेरच्या ताईंना, म्हणजे काकांच्या बहिणीला, तिच्या फोनवर काहीच दिसेना. मी दोन दिवस डोकं आपटलं तेव्हा कारण सापडलं. इंटरनेटवाल्याने अख्ख्या गावाला मिळून बाहेरच्या जगाचा एकच पत्ता दिला होता, त्यामुळे बाहेरून काकांचं घर नेमकं कुठलं, हे कुणाला कळायचंच नाही. काकांना हे समजावताना मी घाबरले होते. त्यांनी अर्ध्यावरच थांबवलं. "म्हंजी फाट्यावर बोर्ड हाय, पर गाडी गावात येत न्हाई. मग आडवाटेनं घाल." मी अगदी तेच केलं.

मग फोन सुरू झाले. "मनीषा, ताई तासाभरापासून फलाटावर उभी हाय. बघ जरा." मी ऑफिसातून विचारायची, राउटरचे किती दिवे लागलेत? ते चष्मा लावून, खुर्ची ओढून, बघून सांगायचे. "तीन हिरवे. चौथा लाल. लालच हाय, दोनदा बघितला." आधी वीज बघायची, मग वायर, मग दिवे, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. आमच्या ऑफिसात मोठमोठे पगार घेणारे लोक न बघताच 'चालू आहे' म्हणून मोकळे होतात. काकांशी बोलून मला त्यांची लाज वाटायची.

कोण कधी आत आलं आणि काय बघून गेलं, याची यादी कॉम्प्युटर ठेवतो, हे कळल्यावर तर काका पुन्हा नोकरीवर रुजू झाले. रोज सकाळी आंघोळीनंतर ती यादी उघडायची आणि वहीत उतरवायची. ताई, आठ वाजून दहा. नाशिकचा पुतण्या, रविवारी दोन तास. माझं नाव आठवडाभर नसलं की फोन यायचा, "तुझी फेरी रद्द झाली का काय?"

सुरुवातीला नातेवाइकांची नावं घातली, तेव्हाच शेवटी ते म्हणाले होते, "अजून एक सीट ठेव."

"कुणासाठी?"

"वैशीसाठी." मग म्हणाले, "माझ्यासाठी न्हाई येणार ती. आईचा आवाज ऐकायला तरी येईल."

प्रत्येकासाठी मी एका कागदावर लिहून दिलं, कुठलं ॲप घ्यायचं, नाव काय, पासवर्ड काय. बाकीच्यांचे कागद त्याच दिवशी रवाना झाले. वैशालीचा कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि तो सहा महिने तिथेच राहिला. मी तिला फोन करू का विचारलं, तर म्हणाले, "तू मधी पडू नको. बंद मी केलंय, उघडायचं पन मीच."

त्या सहा महिन्यांत मी एक शहाणपणा केला. कुठले कुठले अनोळखी लोक बाहेरून खटखट करताना दिसले, म्हणून मी नियम घातला, की नवीन फोन आत यायचा असेल तर माझी मंजुरी लागेल. जुने सगळे आत होतेच, त्यांना काही कळलंही नाही. मंजुरी मागितली की निरोप माझ्या ऑफिसच्या मेलवर यायचा. पुढे मी नोकरी बदलली आणि ती मेल बंद झाली. नियम तसाच राहिला आणि मी तो साफ विसरले.

एका सकाळी काकांचा फोन आला. "टाकली वैशीला चिठ्ठी, कागद घालून. परवाच टाकली." त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. मला फार आनंद झाला. इतका, की त्या नियमाची आठवणसुद्धा आली नाही.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. काका तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. नुसतं विचारायचे, "आपल्याकडनं काई बंद न्हाई ना?" मी लगेच माझ्या फोनवरून आत जाऊन बघायची. सगळं झकास चालायचं. चालणारच, माझा फोन तर पहिल्या दिवसापासून आत होता. मी म्हणायची, "नाही काका, रस्ता एकदम मोकळा आहे." स्वतःच्या डोळ्यांशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने या एका बाबतीत माझा शब्द खरा मानला. तीनदा विचारलं, तीनदा मी तेच सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "मग तिलाच यायचं नसंल. तिचंबी काय चुकतंय?" यादी मात्र ते रोज उघडत राहिले.

पौषात काका गेले. सकाळी खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. वैशाली दहाव्याला आली, ओट्यावर एका कडेला बसली आणि पाणीसुद्धा न घेता दुपारच्या गाडीने परत गेली. मला तिचा राग आला. चिठ्ठी गेल्यापासून नऊ महिन्यांत एकदाही आत आली नाही आणि आता रडायला आली, असं मी आईला बोलूनही दाखवलं.

तेराव्यानंतर पुतण्या म्हणाला, आता घर बंद राहणार, तेवढा कॉम्प्युटर बंद करून जा. घरात मी एकटीच होते. बंद करण्याआधी एकेक फोन यादीतून काढावा म्हणून मी ते पान उघडलं. सगळ्यांत खाली, मी कधीच न बघितलेल्या कोपऱ्यात, एक नाव मंजुरीच्या प्रतीक्षेत होतं. वैशालीचा फोन. पहिली विनंती चिठ्ठी टाकल्यानंतर पाचव्या दिवशीची. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग थोड्या थोड्या दिवसांनी. एकूण सात वेळा. शेवटची दिवाळीच्या पाडव्याची.

मी ताईंकडून तिचा नंबर घेतला आणि तिथूनच तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सगळं सांगितलं, नियम, मेल, माझं विसरणं, काकांचं विचारणं आणि मी दिलेली उत्तरं.

ती म्हणाली, "स्क्रीनवर यायचं, 'मंजुरीची वाट पाहा.' मला वाटलं, मंजुरी दादा देतात." काकांना ती दादा म्हणायची.

"नाही गं. त्यांना हे माहीतच नव्हतं."

"मग त्यांना काय वाटलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. शेवटी शेवटी त्यांना कळलं होतं, एवढं म्हटलं असतं तर तिला निदान झोप लागली असती. जीभ वळली नाही.

"तुला यायचं नाही, असं वाटलं."

ती रडली नाही आणि मला काही बोललीही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. "मंजुरी दे," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

मी मंजुरी दिली. थोड्या वेळाने यादीत तिचं नाव उमटलं. कोण काय बघतंय ते मला समोर दिसत होतं. ती आता काकूंची गाणी लावील म्हणून मी बघत बसले. तिने शोधून शोधून काकांच्या निरोप समारंभाचं शूटिंग काढलं, जे आमच्यापैकी कुणीच कधी धड बघितलं नव्हतं. त्यात दोन मिनिटांचा एक तुकडा आहे. हार घातलेले काका खिडकीत बसून शेवटची गाडी पुकारतात आणि भोंगा बंद करायचा विसरतात, त्यामुळे पुढचं त्यांचं साधं बोलणंही सगळ्या स्टँडवर ऐकू येतं. तेवढंच ती मागे घेऊन पुन्हा लावत होती. किती वेळा, ते मी मोजलं नाही. संध्याकाळ होईपर्यंत मी काकांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून होते. आईच्या गाण्यांना तिने हातही लावला नाही.