घरचं माणूस

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढं एकटी बसले तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — नाही, खरं कारण मलाच नीट माहीत नाही.

आधी माझं काम सांगते. ते सांगायला बरं वाटतं, म्हणून आधी तेच. धाराशिवला आमची एक छोटी संस्था आहे. पोरं हाणामारीत पडू नयेत म्हणून आम्ही त्यांच्यात जाऊन बसतो. कोयता नाचवत रील काढणारा पोरगा असतो ना, त्याच्या शेजारी टपरीवर चहा घ्यायचा, कुणाशी वाजलंय ते हळूहळू काढून घ्यायचं, दोन्ही बाजूंना एका सतरंजीवर बसवायचं. आणि जे तुरुंगातून सुटून येतात त्यांचं आधार कार्ड, काम, खोली बघायची. सगळ्यात अवघड असतं ते घर. घरचे दारच उघडत नाहीत. तिथं मला पाठवतात, कारण मी बोलते बरी. लोकांच्या ओसरीवर बसून मी सांगते, चुकला, शिक्षा भोगून आला, पण तुमचाच आहे ना? मग चारचौघांत म्हणा की हा आमचा. माझ्यापुढं बापमाणसं रडली आहेत. कॉलेजात मला भाषणाला बोलावतात.

आणि मला एक सख्खा भाऊ होता. माझ्या पाठचा. दत्ता.

आमचं गाव येरमाळ्याकडचं. दत्ता कॉलेजात नुकता जायला लागला होता. मैदानावर क्रिकेटवरून भांडण झालं, शिवीगाळ झाली, आणि त्यानं हातातला स्टंप समोरच्या पोराच्या डोक्यात घातला. पोरगा बार्शीला नेताना वाटेतच गेला. आमच्या गल्लीतलाच होता तो. त्याच्या आईचा आवाज मी ऐकलाय. ती दिवसभर ओरडत होती, आणि आम्ही दार लावून आत बसलो होतो. दत्ताला जन्मठेप झाली.

माझं लग्न जमेना. कसं जमणार? शेवटी मामांनी लांबचं, उदगीरकडचं स्थळ आणलं आणि त्यांना सांगितलं की पोरीचा भाऊ पुण्याला कामाला होता, अपघातात गेला. म्हणजे खोटं मामांचं होतं. असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आले. पण बघायच्या दिवशी सासूबाईंनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "धाकटा होता का गं?" मी मान हलवली. रडले. रडणं खरं होतं, म्हणून तर त्यांचा विश्वास बसला. त्या क्षणी ते खोटं माझं झालं. मामा तर शेजारच्या खोलीत होते.

सासूबाई मायाळू बाई. त्यांनी दत्ताचा फोटो मागवून घेतला, मोठा करून आणला, चंदनाचा हार घालून लावला. पितृपंधरवड्यात त्याच्यासाठी पान वाढायच्या. मी ते पान गच्चीवर नेऊन ठेवायची, कावळ्याला हाक मारायची. इकडं भाऊ बराकीत जिवंत. मी त्याला भेटायला लग्नाआधी एकदा गेले होते, नंतर कधीच नाही. आई गेली, मग वडील, आमचे दादा, गेले. दादांनी मरेपर्यंत माझ्या सासरी तोंड उघडलं नाही.

यांची नोकरी धाराशिवच्या कॉलेजात लागली, सासूबाईंना घेऊन आम्ही इकडं राहायला आलो, भिंतीवरचा तो फोटोही आला, आणि मी संस्थेत जाऊ लागले. लोक विचारतात, मॅडम, या कामाकडं कशा वळलात? मी काहीतरी सांगते. भावाचं कर्ज दुसऱ्यांच्या भावांना फेडत होते का मी? असेल. फिटलं नाही एवढं खरं.

मग एक दिवस संस्थेतले आमचे शिंदे सर तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाला घेऊन ऑफिसात आले. टक्कल, वाढलेली दाढी, पुढचे दात पडलेले. मी वर बघितलं आणि ओळखलं, दत्ता. त्यानंही बघितलं. माझं तोंड कसं झालं असेल कोण जाणे, पण ते त्यानं वाचलं. हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार मॅडम."

मॅडम! लहानपणी माझ्या परकराला धरून शाळेत यायचा तो. 'अक्का, हळू चल की' म्हणायचा.

मी म्हणाले, "बसा."

गावात त्याला कुणी राहू देत नव्हतं. त्यांचंही काय चुकलं? त्या पोराची आई अजून तिथंच राहते. आत असताना दत्ता सुतारकाम शिकला होता. शिंदे सरांनी त्याला एका वखारीत कामाला लावलं. आणि सरांना कुठून बुद्धी झाली, माझ्या यजमानांना म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघराचं दार खाली घासतंय ना, आमच्या दत्तालाच द्या ते काम." हे लगेच हो म्हणाले; दत्ता नावाची माणसं गल्लोगल्ली असतात, यांना काय कळणार? चांगले आहेत ते. मी नको कशी म्हणणार? कोणत्या तोंडानं?

तो आला. दार उतरवलं, रंधा मारला. सासूबाईंनी चहा दिला. चहा पिताना त्याची नजर भिंतीवर गेली. गुबगुबीत गालांचा, मिसरूड फुटलेला तो, आणि वर हार. मी ओट्याला धरून उभी होते. वाटलं, आता हा हसेल, नाहीतर बशी फेकेल. काहीतरी करेल.

त्यानं विचारलं, "ह्ये कोण?"

"हिचा भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "गेला बिचारा. लई गुणाचा होता म्हणं."

दत्ता उठला. फोटोपुढं जाऊन त्यानं हात जोडले. मग खाली बसून बिजागऱ्या लावल्या, दार उघडझाप करून दाखवलं आणि गेला. तो माणूस कसा होता ते ठरवायचं तर इथंच ठरवा. मी कशी आहे ते अजून पुढं आहे.

त्यानंतर तो माझ्याशी एकदाच बहीण म्हणून बोलला. स्टँडच्या मागं, रसवंतीपाशी. म्हणाला, "अक्का, येडशीला एक खोली बघितलीय. मालक भला माणूस हाय. त्याला समदं सांगितलं म्या. त्यो म्हणतो, एकदा घरचं माणूस घेऊन ये, मग चावी देतो. तू येतीस का?"

मी म्हणाले, "संस्थेकडून येते ना मी. बोलते त्यांच्याशी."

"संस्थेचं न्हाय," तो म्हणाला. "शिंदे सर बी येतो म्हणत्यात. त्याला घरचंच पायजे."

मी म्हणाले, बघते. तुम्हाला माहीत आहे बघते म्हणजे काय. त्यालाही माहीत होतं. तो पुन्हा कधी विचारायला आला नाही. खोली दुसऱ्या कुणाला गेली आणि तो वखारीतच, पत्र्याखाली, लाकडांच्या आडोशाला झोपत राहिला. थंडीत त्याला खोकला लागला, मग ताप. शिंदे सरांनी त्याला सरकारी दवाखान्यात भरती केलं. सरांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लातूरला थांबायचं होतं. जाताना मला फोन केला, "मॅडम, तेवढं बघा."

त्या संध्याकाळी माझ्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं, म्हणून सांगते.

मी दवाखान्यात गेले. तरुण डॉक्टर होते. म्हणाले, न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरलाय, आजच सोलापूरला हलवायला हवं; ॲम्ब्युलन्स उभी आहे, पण सोबत घरचं माणूस लागेल, कुणी आहे का?

दत्ता कॉटवर टक्क जागा होता.

किती साधा प्रश्न होता हो! मी आहे, मी बहीण, चला, एवढंच म्हणायचं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये बसायचं होतं. मला दिसत होतं ते सगळं — सोलापूर, यांना फोन, यांचं 'कोण भाऊ?', सासूबाईंचा चेहरा, दारात आलेले पाहुणे, लेक साडी नेसून बसलेली. हे सगळं एका क्षणात दिसलं. आणि त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. दोन्ही होतं समोर. मी निवडलं.

"नाही," मी म्हणाले. "याच्या घरचं कुणी नाही. मी संस्थेची. उद्या दुपारी आमचं माणूस येईल, तेव्हा हलवू."

डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी वाकून त्यालाच विचारलं, "काका, बहीण, भाऊ, कुणीच नाही का?"

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांकडं बघून म्हणाला, "न्हाय साहेब. कुणी न्हाय. बाईंना जाऊ द्या, त्यांना काम असंल."

आणि मी गेले.

हेच सांगायचं होतं. बाकीचं, म्हणजे मामा, फोटो, खोली, ते सगळं मी इथवर यायला वेळ लागावा म्हणून सांगितलं असेल. तो स्वतःच म्हणाला ना जा म्हणून, असं घोळवून बघितलंय मी मनात. नाही जमत. मला जाता यावं म्हणून तो बोलला, आणि मी त्याचा फायदा घेतला. जिन्यावरून उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं.

पाहुणे आले. पोहे चांगले झाले होते. लेक त्यांना पसंत पडली.

पहाटे तो गेला. शिंदे सर धावत आले, त्यांनीच अग्नी दिला. वखारीतले कामगार होते, संस्थेतली काही पोरं होती. सर मला म्हणाले, "मॅडम, दोन शब्द तुम्ही बोला." मी बोलले. दत्ता कष्टाळू होता, सुधारायची त्याची धडपड होती, समाजानं अशांना आपलं म्हणायला हवं. आवाज कुठंही हलला नाही. एक पोरगा तोंड फिरवून रडत होता. नंतर दोघा-तिघांनी येऊन सांगितलं, चांगलं बोललात.

घरी आले, अंगावरून पाणी घेतलं, कुकर लावला. सुतक धरलं नाही. दुसऱ्या दिवशी लेकीच्या साड्या घ्यायला जायचं ठरलं होतं, गेले.