न दिसलेल्या गिधाडाची नोंद

जे दिसलेच नाही त्याची इतक्या इमानाने नोंद करणारा माझ्या साडूंसारखा दुसरा माणूस या भूतलावर नसावा. घुग्घुसच्या कोळसा खाणीत जन्मभर पाळ्या करून ते निवृत्त झाले आणि फोनवरच्या पक्ष्यांच्या नकाशात शिरले ते शिरलेच. जगभरचे लोक पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या पाठवतात, त्यावरून म्हणे नकाशातले चौकोन रंगतात. पक्षी दिसला तिथे जांभळा, शोधूनही दिसला नाही तिथे करडा, आणि जिथे कुणी फिरकलेच नाही तो कोरा. कोरा चौकोन पाहिला की साडूंना अन्न गोड लागत नाही. शिवाय यादी पुरी हवी, म्हणून कावळेसुद्धा मोजायचे. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा नवरीचे हे मावसे मांडवाबाहेर साळुंक्या मोजत होते. "एकाही फोटोत याईचं तोंड नाई," मेहुणी अजून ऐकवते.

जिवतीच्या डोंगरात एका कड्यावर पूर्वी गिधाडे बसत. गिधाडांच्या नकाशात तो चौकोन जांभळा व्हावा, एवढी एकच इच्छा या माणसाने बाळगली. दर रविवारी फटफटी काढून जायचे, दुपारपर्यंत आभाळ बघायचे आणि गिधाडाविना यादी पाठवायची. मी चिडवायचो, तर म्हणायचे, "नाई दिसलं हेबी सांगा लागते भाऊ. नाईतर लोकाईले वाटन, इथी कोनी पाह्यलंच नाई."

मागच्या हिवाळ्यात एकदाचे गिधाड दिसले. चौकोन जांभळा झाला, साडूंनी गल्लीभर जिलबी वाटली. पुढच्या रविवारी तोच पक्षी खाली उतरला आणि गरुड निघाला. डोंगर उतरून फोनला रेंज आल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या हाताने ती नोंद काढून टाकली. चौकोन पुन्हा करडा.

"राहू द्यायची होती. कोणाला कळलं असतं?" मी म्हणालो.

"तो नकाशा पाहून कोनी लांबून येईन, दिवसभर उपाशी आभाळाकडे पाहत बसन. त्याले काय सांगू मी?"

त्या दिवसापासून मी त्यांना चिडवणे सोडले. इतका मोठा माणूस माझ्या नात्यात आहे, हे मला उशिराच कळले.

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऑपरेशनला ते घाबरतात. रविवारी फटफटी मी चालवतो. परवा कड्यावर एक पक्षी घिरट्या घालू लागला. त्यांना नुसता काळा ठिपका दिसला असावा. त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"गिधाड हाय का, भाऊ?"

दुभंगलेली शेपटी मला स्वच्छ दिसत होती, ती ओळखायला त्यांनीच शिकवले होते. तरी 'हो' अगदी ओठांवर आले.

"घार आहे," मी म्हणालो.

"लिहा मंग. घार, एक."

खूप वेळ त्यांनी माझी बाही सोडली नाही.