व्हो म्हणजे खाडी

लग्न होऊन मी देवगडजवळच्या खाडीकाठावरून इंदूरला आले आणि त्याच वर्षी सासरे कामाला होते ती कापड मिल बंद झाली. नव्वदीतली गोष्ट. हे सांवेर रोडच्या फॅक्टरीत, ओव्हरटाइम करून उशिरा परतायचे. सुदामा नगरच्या घरात दिवसभर मी आणि अण्णा, म्हणजे सासरे... दोघंही गप्प.

एकदा शेजारच्या काकींना सहज म्हटलं, "आमच्याकडे आत्ता भरती असेल." त्यांचे यजमानही मिलमधलेच. त्या एकदम जवळ सरकल्या. "कुठे गं? आमच्या यांचं पण बघ ना!" भरती म्हणजे समुद्राचं पाणी चढतं ते, हे सांगताना मलाच रडू आलं. त्यानंतर मी समुद्राचा विषयच काढला नाही.

अण्णा मिलच्या ऑफिसात क्लार्क होते. आता इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचे. एके दुपारी त्यांनी हाक मारली, "बेटा, जरा देख तो... स्कॉटलंडकडचा शब्द आहे. समुद्र जमिनीत आत घुसतो ती जागा. व्हीपासून सुरू होतो, तीनच अक्षरं."

"खाडी!" मी पटकन म्हणाले.

"अगं, इंग्लिशमध्ये!" कितीतरी दिवसांनी ते हसले.

मग यांची कॉलेजातली डिक्शनरी काढून आम्ही व्हीची पानं चाळली. सापडला... व्ही-ओ-ई, 'व्हो'. तिकडच्या उत्तरेच्या बेटांवर खाडीला असं म्हणतात. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, नॉर्वेकडून येऊन तिथे वसलेल्या लोकांनी आणलेला.

अण्णांनी चौकटी भरल्या, पेन बंद केलं आणि विचारलं, "तुमची खाडी कशी असते गं? मी समुद्र पाहिलाच नाही कधी."

मी सांगत सुटले. माणसांना पलीकडच्या काठाला नेणारी तर, होड्या, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, त्यातल्या खडकांवरून कालवांचे शिंपले काढणाऱ्या बायका... गॅसवरचा चहा उकळून आटला तरी आम्हाला पत्ता नाही.

पुढच्या मे महिन्यात मी माहेरी निघाले, तर अण्णांनीही बॅग भरली. पोचलो त्या संध्याकाळी मी त्यांना खाडीवर घेऊन गेले. चपला काढून ते पाण्याच्या अगदी काठापर्यंत गेले. मग हळूच म्हणाले, "इतना सब छोड़ के आई तू?"

लग्नाला दोन वर्षं होत आली होती. तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं...