मेतकुटाचा डबा आणि माझी फाइल

माझी मुलगी इतिहासात पीएच.डी. करते. विषय बर्लिनची भिंत आणि तिच्या आड संपून गेलेला पूर्व जर्मनी नावाचा देश. त्या देशात मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, त्यामुळे घरबसल्या तिला बाप नावाचा एक दस्तऐवज मिळाला. "बाबा, यू आर माय प्रायमरी सोर्स," असं म्हणून ती दर सुट्टीत इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला येऊन मला पिळून काढायची. एकदा तिने एक फॉर्म पुढे केला. तिथल्या गुप्त पोलिसांनी ज्यांच्यावर पाळत ठेवली, त्यांना आता आपापली फाइल मागता येते. मी हसलो. माझ्यासारख्या वरणभात खाणाऱ्या माणसावर कोण कागद वाया घालवणार? पण सही केली.

मुळात मी तिथे पोचलो तो पुणेरी हिशेबाने. शाळेत आठवीला संस्कृत सोडून जर्मन घेतलं, कारण जर्मनला मार्क पडतात. पुण्यात जर्मन शिकायला याहून मोठं कारण लागत नाही. पुढे त्याच मार्कांवर शिष्यवृत्ती मिळाली आणि लाइप्झिगच्या एका होस्टेलात मला एक नागपूरचा रूममेट मिळाला. अख्ख्या होस्टेलात मराठी आम्ही दोघंच. मी त्याच्या 'बे'ला हसायचो, तो माझ्या शुद्ध बोलण्याला. आईच्या पार्सलातून मेतकूट यायचं, तो कुठूनसं लोणी पैदा करून तूप कढवायचा, आणि मऊ भातावर आमचं जमून गेलं.

वर्गात एक मुलगी होती. लॅबच्या जर्मनमध्ये मी अडखळलो की ती हळूच शब्द पुरवायची. मला ती आवडायची. बोललो कधीच नाही, पण तिला ते कळलं होतं. तिची मावशी पश्चिम बर्लिनमध्ये होती. तिला स्वतःला तिकडे जाता येत नव्हतं. आम्हाला मात्र भारतीय पासपोर्टावर जाता यायचं. कॉफी आणि जीन्स घ्यायला आम्ही जायचोही. एक दिवस तिने मावशीसाठी माझ्याकडे पत्र दिलं. तिला देश सोडायचा होता, आणि कसा सोडता येईल ते त्यात विचारलं होतं. पत्र मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मेतकुटाच्या डब्यात तळाशी पुरलं. मला वाटलं, काय हुशारी केली! समोर रूममेट बसला होता. त्याच्यापासून काय लपवायचं?

सीमेवरच्या शिपायाने बाकी सामानाला हात लावला नाही. डबा काढला, झाकण उघडलं आणि सरळ तळापर्यंत हात घातला. त्याची करडी बाही पिवळी झालेली मला अजून दिसते.

मला दम देऊन सोडलं. तिचं नाव कॉलेजातून काढलं आणि तिला एका लाँड्रीत कामाला लावलं. जाण्याआधी ती कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?" एवढंच विचारलं. खरंच कुणाला माहीत होतं? रूममेट मोजायचा माणूस आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तो घरचा होता. त्याच संध्याकाळी त्याने माझ्यासाठी खिचडी टाकली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सोड बे. तिचीच कोणी मैत्रीण फुटली असंल." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. हे लिहितानाही मला स्वतःची चीड येते.

मी शिकून अमेरिकेत आलो, तो नागपूरला परतला. काही वर्षांनी मीच त्याला इथे माझ्या कंपनीत चिकटवून दिला. आज तो आमच्यापासून पंधरा मिनिटांवर राहतो. माझी मुलगी त्याला काका म्हणते. तिच्या बारशापासून ग्रॅज्युएशनपर्यंतचे सगळे फोटो काकाने काढलेत, त्याच्या लाडक्या जर्मन कॅमेऱ्याने.

दोन वर्षांनी फाइल आली. इतरांची नावं काळ्या पट्ट्यांखाली झाकलेली. खबऱ्याला एका पक्ष्याचं टोपणनाव दिलेलं. मुलगी आणि मी जेवणाच्या टेबलावर ती वाचायला बसलो. पहिली काही पानं आम्ही हसत होतो, कारण त्यात मी गुरुवारी उपास करतो आणि आंघोळीत गातो याची गंभीर नोंद होती. मग ते पान आलं. पत्र डब्यात आहे, तळाशी. आणि खाली अधिकाऱ्याला समजावं म्हणून खुलासा: डाळी आणि तांदूळ भाजून केलेली पिवळी पूड, ही मंडळी मऊ भातावर घालून खातात, वर तूप लागतं.

तूप लागतं! हे कोण जर्मन सांगणार?

मुलीने पुढचं पान वाचलं आणि कागद हळूच उलटा ठेवला. मी तो सुलटा केला. चांगल्या कामाबद्दल खबऱ्याला एक कॅमेरा दिल्याची पोच होती.

"बाबा, आर यू शुअर? मे बी..." ती म्हणाली.

रविवारी त्याला जेवायला बोलावलं. बायको भारतात गेली होती, म्हणून स्वयंपाक मीच केला. मुलगी स्वयंपाकघरात पानं घेत होती. मी त्याच्यापुढे ते पान ठेवलं. त्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. नाकारेल असं मला वाटलं होतं. मनातून मला तेच हवं होतं.

"दोनदा नापास झालो होतो मी, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "वापस पाठवून देणार होते. अख्ख्या गल्लीनं हार घालून धाडलं होतं बे मला. काय तोंड दाखवलं असतं?"

"आणि तिचं काय?"

"मला वाटलं, पत्र काढून घेतील, संपलं."

मी ओरडलो नाही. ओरडायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. आयुष्यभर मी तिच्या लेखी चहाडखोर राहिलो, तेवढंच मला निस्तरायचं होतं. म्हणालो, "तिला एक पत्र लिही. माझी मुलगी पत्ता शोधून काढेल. लिही की तो मी नव्हतो."

त्याने मान खाली घातली. "तिला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू नव्हता म्हणून. भिंत पडल्यावर तिनं तिची फाइल वाचली. त्यात तुझ्यावरही पाळत होती, ते दिसलं तिला. खबरी कोण, ते नाही कळलं. वर्गातल्या कोणाकडून तिला पत्ता माझ्याच घरचा मिळाला, निघताना सगळ्यांना देऊन आलो होतो. तिथं पत्र आलं. तुझ्या नावाचं."

"काय होतं त्यात?"

"माफी मागितली होती तुझी. लिहिलं होतं, रागावला नसशील तर दोन ओळी पाठव. नाही आल्या तर समजेन."

"मग?"

"मग तू काय बसला असता गप? कोण, कोण करत माझ्यापर्यंत आला असता." तो टेबलाकडे बघत होता. "फाडून टाकलं बे."

तीस वर्षांहून जास्त झाली त्याला. ती माझ्या दोन ओळींची वाट बघत राहिली असेल, आणि मग समजून गेली असेल.

आतून मुलगी भाताचं पातेलं घेऊन आली आणि तिने विचारलं, "काका, तूप वाढू?"