मार्कशीटवर नसलेला विषय

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. सिव्हिलच्या मुलांनी शेवटच्या वर्षासाठी आपला विशेष विषय निवडायचा होता. तीन पर्याय होते. इमारतींचं डिझाइन, बांधकाम व्यवस्थापन आणि माती व पाया. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पंधरापेक्षा कमी मुलं आली तर तो विषय चालवला जाणार नाही. ती ओळ तेव्हा कुणी वाचली नाही. मीही नाही.

वर्गातली बहुतेक मुलं व्यवस्थापन घेणार होती. पुण्यात साइटवर लगेच लागता येतं, असं वरच्या वर्गातली मुलं सांगून गेली होती. माझं डिझाइन ठरलेलं होतं, आणि ते मी ठरवलेलं नव्हतं.

माझे बाबा डोणगावात गवंडीकाम करतात. लोक त्यांना मिस्तरी म्हणतात. आमच्या वस्तीतल्या विहाराचा ओटा हे त्यांचं एकट्याच्या हिमतीवर केलेलं पहिलं काम. नकाशा कसा वाचायचा हे ते कुणाकडूनही शिकले नव्हते, कामावरच शिकले. पण प्रत्येक नकाशाच्या खाली कोपऱ्यात इंजिनिअरची सही असायची, ती ते दर वेळी बोट लावून दाखवायचे. "इथी तुही सही पाह्यजे," म्हणायचे. आमच्या घरात निवड एवढ्यावरच संपली होती.

एक गोष्ट मात्र मला कबूल करायला हवी. हॉस्टेलवर वडील काय करतात असं विचारलं की मी "कॉन्ट्रॅक्टर" म्हणायचे. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण खामगावची होती. तिचे वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे आणि ती तसं सरळ सांगायची. मला ते जमत नव्हतं.

त्याच वर्षी आम्हाला मातीची प्रयोगशाळा होती. कॉलेजच्या मागच्या बाजूला, वर्कशॉपला लागून एक लांबट खोली. आत चाळण्या, वजनकाटे, भट्टी आणि सगळीकडे धूळ. ती शिकवणारे सर निवृत्तीला आले होते. आवाज हळू, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी पट्टी. मुलं त्यांच्या तासाला कंटाळायची. होळीच्या सुट्टीआधी सर म्हणाले, "घरून येताना प्रत्येकानं एक पिशवी माती आणा. शेतातली नको. घराजवळची, जिच्यावर घर उभं आहे ती."

मी गावी गेले आणि माती आणायला निघाले ती थेट टेलर चाचांकडे.

चाचा म्हणजे बाबांचे जुने दोस्त. बसस्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं. माझा शाळेचा पहिला ड्रेस त्यांनीच शिवलेला. त्यांनी गावाच्या कडेला, काळ्या मातीत एक लहानसं घर बांधलं आणि ते बाबांनीच बांधून दिलं. दोन वर्षांनी भिंतींना तडे गेले. बाबांनी ते सिमेंटनं भरले. पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवे तडे गेले. बाबांनी तेही भरले. चाचा एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे ते बंद झाले. "हात बिघडला माहा," असं बाबा एकदा आईला म्हणाले. मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं.

त्या दिवशी चाचा घरी नव्हते, चाची होत्या. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा तिरपा खाली उतरला होता, माझं बोट आत जाईल एवढा रुंद. त्यात चाचांनी दुकानातल्या कातरणी कोंबल्या होत्या. निळ्या, गुलाबी, फुलाफुलांच्या. "पाली येतात बेटा, म्हणून," चाची म्हणाल्या. मी भिंतीच्या पायाजवळ कुदळीनं खणून पिशवी भरली. माती ढेकळांची, दगडासारखी कडक झालेली. चाचींनी विचारलं, "मातीचं काय करते?" मी म्हणाले, "कॉलेजात आणायला सांगितली." त्या हसल्या आणि सरबत घेऊन आल्या.

परत गेल्यावर कळलं की निम्म्या मुलांनी हॉस्टेलच्या बागेतलीच माती आणली होती. आम्ही माती वाळवली, कुटली, बारीक चाळणीतून चाळली. मग काचेच्या दोन मोजनळ्या घेतल्या. दोन्हीत सारखीच दहा ग्रॅम माती टाकली. एकीत पाणी भरलं, दुसरीत रॉकेल. "उद्या या," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रॉकेलच्या नळीत माती तळाशी होती तेवढीच होती. पाण्याच्या नळीत ती फुगून जवळजवळ दुप्पट झाली होती. बागेतल्या मातीत एवढा फरक नव्हता. सर माझ्या नळीसमोर वाकले, आकडा वाचला आणि म्हणाले, "ही कुठली?"

"डोणगावची. एका घराजवळची."

"घराला तडे आहेत?"

मी होकारार्थी मान हलवली.

"खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे?"

ते घर सरांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर हलकं घर असलं आणि पाया उथळ असला की ती त्याला उचलते आणि पुन्हा सोडते, दर वर्षी. वरून सिमेंट भरून काही होत नाही. मी वर्गात हे सगळं लिहून घेतलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण ते चाचांच्या घराबद्दल आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी बाबांना फोन केला. "बाबा, एक दिवस कॉलेजात या."

"काऊन? काही झालं का?"

"नाही. तुम्हाला काही दाखवायचं आहे."

दोन एसट्या बदलून ते आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात आईनं दिलेला डबा. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या त्यांनी आधी दाराची चौकट पाहिली, मग भिंतीवरच्या फरशीवर बोटाचं हाड वाजवून पाहिलं. "पोकळ वाजून राह्यली," मला हळूच म्हणाले. सर हसले. "मिस्तरी दिसता तुम्ही." माझी मैत्रीण शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली पाहिलं. पण ती काही बोलली नाही, त्या दिवशीही आणि नंतरही.

मी बाबांना दोन्ही नळ्या दाखवल्या. ते कितीतरी वेळ वाकून पाहत होते. मग सरळ झाले. "म्हंजे भिंत म्या चुकवली नाही?"

"भिंत नाही चुकली," सर म्हणाले. "पाया वर राहिला. मुरूम लागेपर्यंत खाली जायला हवं होतं."

मला वाटलं होतं, बाबांना बरं वाटेल. ते बाकावर बसले आणि बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिले. "म्या कोणाले विचाराले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "पण विचारू कोणाले? गावात सगळे असंच बांधतात."

सर त्यांच्या शेजारी बसले. आता त्या घराचं काय करता येईल हे त्यांनी एका कागदावर काढून दिलं. घराभोवती पक्का ओटा करायचा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. छपराचं पाणी लांब न्यायचं. भिंतीला चिकटून केळ आहे असं बाबांनी सांगितलं, ती काढायची. तडे एकदम जाणार नाहीत, पण वाढणार नाहीत. बाबांनी तो कागद चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला. बसस्टँडवर मला म्हणाले, "चांगला माणूस आहे."

त्याच आठवड्यात मी नोटीस बोर्डावरचा फॉर्म भरला. माती व पाया.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "माती शिकाले कॉलेज कशाले लागते?" बाबांना सही हवी होती, नकाशाच्या कोपऱ्यातली. शेवटी एवढंच म्हणाले, "तुले समजते ते कर, माय." त्यात राग नव्हता, पण थोडी निराशा होती. ती मला आजही ऐकू येते.

मग ती बारीक अक्षरातली ओळ आडवी आली. फॉर्म द्यायला चार दिवस राहिले होते आणि मातीच्या यादीत सहाच नावं होती. मी आणि माझी मैत्रीण वर्गातल्या मुलांच्या मागे लागलो. तिनं स्वतः मैत्रीखातर नाव घातलं होतं. "तू पागल आहेस बे," म्हणाली आणि सही केली. कॅन्टीनमध्ये एक जण म्हणाला, "मातीत हात घालाले इंजिनिअर व्हाचं का? ते तर घरी करूनच राह्यलो." सगळे हसले, मीही हसले. कोणाला नोकरीची भीती होती, कोणाला घरच्यांची. त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटच्या दिवशी नऊ नावं झाली. विषय रद्द झाला आणि आम्हा नऊ जणांना दुसरा पर्याय लिहायला लावला. मी डिझाइन लिहिलं. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला आणि मला रडू आलं.

सरांना सांगायला गेले तर ते चाळण्या पुसत होते. त्यांना आधीच कळलं होतं. "तीन वर्षं झाली, दर वर्षी असंच होतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं चाळणी खाली ठेवून म्हणाले, "शनिवारी दुपारी ही खोली रिकामी असते. मार्क मिळणार नाहीत. हजेरी लागणार नाही. यायचं असेल तर या."

पहिल्या शनिवारी आम्ही सात जण होतो, तिसऱ्या शनिवारपासून चार. मी, माझी मैत्रीण, आमच्याच जिल्ह्यातल्या उंद्रीचा एक मुलगा आणि कॅन्टीनमध्ये हसवणारा तो.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं शिक्षण त्या शनिवारांत झालं. सर फळ्यावर फार लिहायचे नाहीत. मैदानामागे हातानं फिरवायचं गिरमीट घेऊन जायचे. आम्ही आळीपाळीनं ते फिरवायचो, घामाघूम व्हायचो, आणि निघालेली माती वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचो. ओली माती तळहातावर वळून दोऱ्यासारखी करायची, ती कधी तुटते ते पाहायचं. आधी हात लावायचा, मग बोलायचं, हा त्यांचा एकच नियम होता.

उंद्रीच्या मुलाच्या शेतात नवी विहीर खोदणं चालू होतं. एका शनिवारी सर आम्हाला एसटीनं तिकडे घेऊन गेले. विहिरीच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट, मग चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, आणि तळाशी काळा पाषाण. मी जन्मभर याच जिल्ह्यात राहिले होते आणि माझ्या पायाखाली काय आहे ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या मुलाच्या आईनं आम्हाला भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली. आम्हा सगळ्यांची बोटं मातीनं काळी झालेली. सर बांधावर मांडी घालून जेवत होते आणि विहीर खोदणाऱ्या माणसांना विचारत होते, पाणी कधी लागलं, दगड कुठून कडक झाला. ती माणसं सांगत होती ते सर पट्टीनं मोजून वहीत उतरवून घेत होते. गावातल्या माणसाचं म्हणणं असं लिहून घेतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा चाचांच्या घराभोवती ओटा झालेला होता. बाबांनी तो स्वतः जाऊन केला होता. त्याआधी त्यांनी चाचांसमोर बसून जसं होतं तसं सांगितलं होतं, "भिंत बराबर होती, पाया माह्यामुळं वर राह्यला." चाचा म्हणाले होते, "मिस्तरी, म्या तरी कुठी खोल खणू दिलं असतं?" हे मला आईनं सांगितलं. त्या संध्याकाळी चाचा आमच्या घरी बसलेले होते, चहाची बशी हातात धरून, आणि दोघं मिळून कुठल्या तरी लग्नाच्या गोष्टी सांगत मोठमोठ्यानं हसत होते.

पदवी मिळाली. पुढे माती तपासणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले. तिथल्या साहेबांनी मार्कशीट वरून खाली पाहिली. "हा विषय तर तुमच्या मार्कशीटवर नाही." मी शनिवारांचं सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून मातीचं एक ढेकूळ काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पाण्याचा ग्लास सरकवला. काही न विचारता मी बाह्या वर केल्या. नोकरी मिळाली.

आता त्याला बरीच वर्षं झाली. रस्ते, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती, कुठे ना कुठे खणणं चालू असतं आणि मी तिथे उभी असते. माझी सही नकाशावर नसते, मातीच्या अहवालाखाली असते. पहिला अहवाल मी बाबांना नेऊन दाखवला. त्यांनी आकडे सोडून थेट शेवटचं पान उघडलं आणि सहीवरून बोट फिरवलं. ते आता काम घेताना आधी खोल खणायचं सांगतात. त्यावरून दोन-तीन जण दुसऱ्या मिस्तरीकडे गेलेही. बाबा म्हणतात, जाऊ दे.

माझी मैत्रीण बांधकाम व्यवस्थापनात आहे, पुण्यात. हसवणारा खामगावात दुकान चालवतो. उंद्रीचा मुलगा शेती करतो. विहिरीचं पाणी कसं आहे ते तो दर उन्हाळ्यात ग्रुपवर टाकतो. शनिवारची दुपार कधी मोकळी मिळाली की मला त्या धुळीच्या खोलीची इतकी आठवण येते की काही सुचत नाही.

सर निवृत्त होऊन मुलाकडे राहतात. ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर मोठ्यानं बोलावं लागतं. मी फोन केला की आधी विचारतात, "कुठं आहे साइट?" मी सांगते. मग विचारतात, "खाली काय लागलं?" मी एकेक थर सांगत जाते, किती फुटांवर काय, आणि ते मधे मधे "हं, हं" करत ऐकतात. सगळं ऐकून झालं की म्हणतात, "बरं. जेवलीस का?"