थोरला, धाकटा आणि टीट

आमच्या घरात मी एकुलती एक, तरी थोरली मी नव्हते. थोरला होता तो दादांचा कॅमेरा. वडिलांना मी दादा म्हणायचे. माझ्या जन्माच्या आधी त्यांनी तो नगरच्या लष्करी छावणीतून बदलून निघालेल्या एका जवानाकडून घेतला होता. कातड्याची पेटी, आत काळा-चंदेरी जपानी ऐवज, आणि वजन असं की गळ्यात घालून दिवसभर लग्नात फिरलं की संध्याकाळी मानेवर पट्ट्याचा वळ. घरी आले की दादा हातपाय धुवायच्या आधी त्याला मऊ फडक्यानं पुसत बसायचे. आई म्हणायची, "आदी त्येला निजवा, मग जेवाया या." मला कुणी इतकं निगुतीनं पुसल्याचं आठवत नाही, आणि हे मी दादांना बऱ्याचदा ऐकवलेलं आहे.

तिसगावात रस्त्याला लागून एका खोलीत दादांचा स्टुडिओ होता. मागच्या पडद्यावर धबधबा रंगवलेला. गावात नळाला पाणी नाही आणि आमच्याकडे धबधबा! उन्हाळ्यात लोक फोटो नसला तरी येऊन त्याच्यासमोर बसायचे.

थोरल्याला काहीही आपोआप येत नव्हतं. डोळा लावला की मधोमध एक लहान गोल दिसायचा, आणि समोरचं माणूस त्या गोलात आडवं दुभंगलेलं असायचं. नाक एकीकडे, तोंड दुसरीकडे. भिंगाची कडी फिरवत फिरवत वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांवर आणायचा. ते बसले की माणूस फोटोत स्पष्ट उतरणार. दादा त्याला 'सांधा' म्हणायचे. हा शब्द घरात इतका मुरला होता की आईची आमटी जमली तरी सांधा जुळायचा, आणि मला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाला दादांनी एवढाच निरोप धाडला होता, "सांदा न्हाई जुळत."

सांधा जुळला की दादा हुकूम सोडायचे, "धरा!" की समोरचे सगळे श्वास धरायचे. मग खटका व्हायचा. खटका ऐकला की माणसं सुटायची; कुणी खोकायचं, कुणी पदर सावरायचं, पोरं पळायची. त्या काळात आमच्या पंचक्रोशीत कुणाच्याही घरी जा, भिंतीवरची झाडून सगळी माणसं छाती फुगवून, डोळे वटारून बसलेली दिसतील. ती दादांचीच. मी एकदा म्हटलं, "दादा, कुणाला जरा हसवा की." ते म्हणाले, "फोटू म्हंजी हजेरी हाय, बाई. हजेरी देताना कुनी हसतंय व्हय?" पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

नव्वदचं दशक निम्मं सरलं तेव्हा मी नगरला एका कलर लॅबमध्ये कामाला होते. रोज सकाळची एसटी, करंजीचा घाट, आणि पिशवीत दादांचे रोल. संध्याकाळी त्याच पिशवीतून प्रिंट घरी. त्यामुळे दादांचं काम सगळ्यात आधी मीच बघायची. एका लग्नाचे फोटो मशिनीतून बाहेर येताना बघितले आणि हात थांबला. नवरा-नवरी धुरकट, आणि त्यांच्या मागची मंडपाची झालर अगदी लख्ख. मशिनीचा दोष असेल म्हणून मी ते पुन्हा काढायला लावले. पुन्हा तेच. पुढचा रोलही तसाच निघाला. गिऱ्हाईक भलं, त्यानं दादांना एवढंच विचारलं, "त्या दिशी धुकं हुतं का वो?" वैशाखात कुठलं आलंय धुकं!

दादांचा डावा डोळा लहानपणापासूनच मंद. सगळी मदार उजव्यावर. नगरच्या डॉक्टरांनी उजवा तपासून सांगितलं की आतला पडदा खराब झालाय; गेलेलं परत यायचं नाही, आहे ते सांभाळा. परतीच्या एसटीत घाट चढताना दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कडंकडंचं समदं दिसतंय. मदला गोल तेवढा गेला."

तोच तर गोल, ज्यात सांधा जुळायचा.

त्यातच माझं लग्न ठरलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून दादा म्हणत आले होते, "तुझ्या लग्नाचं फोटू मीच काडनार." आमच्यात ते जमण्यासारखंही होतं. त्रिशरण, पंचशील, वचनं, हार, झालं लग्न. बापाला पाटावर अडकून बसावं लागत नाही; तो कॅमेरा घेऊन खुशाल उभा राहू शकतो. डॉक्टरांकडून आल्यावर आठवडाभरानं जेवताना ते म्हणाले, "शेवगावच्या फोटोग्राफरला सांगून ठिवू. आन दुकानाचंबी बगू काय ते." भाकरीचा तुकडा मोडत ते असं म्हणाले की जणू रॉकेल आणायचं राहिलंय. मी उठून मोरीत गेले आणि तोंड धुण्याचं निमित्त करून रडले.

लॅबच्या मालकांच्या ओळखीनं मी नवा कॅमेरा घेतला. रोलचाच, पण ह्याला डोळा होता. बटण निम्मं दाबलं की भिंग आपलं आपण फिरायचं, सांधा जुळवायचं आणि आतून आवाज द्यायचं, "टीट." मग बटण पूर्ण दाबलं की खटका, आणि रोलही आपोआप सरकायचा. उजेडाचा हिशोबही तोच करायचा. घरात दुसरा कॅमेरा आला, तेव्हा त्याचं नाव धाकटा पडलं, कुणी ठेवावं लागलं नाही.

दादांनी तो हातावर तोलला. "आत काय हाय का नुस्तं टरफल?"

"दादा, हा आपोआप सांधा जुळवतो."

"मंग मी काय करायचं? टाळ्या वाजवू?"

आई हसायला लागली. म्हणाली, "धाकट्याचं लाड थोरल्याला बगवंना झालं वाटतं." पण मी बघत होते. दादा त्याला उलटसुलट करून चाचपत होते, आणि फडकं त्यांनी आधीच हातात घेतलं होतं.

धाकट्याचा पहिला दिवस बाजाराचा होता. मी सुट्टी घेऊन थांबले. मिरीकडचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन पोरं आणि म्हातारी सासू. सगळी धबधब्यापुढे बसली. दादा म्हणाले, "धरा!" सगळ्यांनी धरला. धाकटा म्हणाला, "टीट." म्हातारीनं भसकन श्वास सोडला, "झालं गं बया!" आणि सुनेकडे वळली. नवरा उठला, धाकटं पोर लोळलं, आणि त्याच घडीला खटका झाला.

"आवो, झालं न्हाई अजून!" दादा ओरडले.

"मंग वाजलं ते काय?"

"ते... त्येला तुमी दिसला, म्हनून वाजलं."

म्हातारी चमकली. "म्हंजी आदी दिसत नव्हतो व्हय?"

पुन्हा बसली, पुन्हा धरला, पुन्हा टीट, पुन्हा सगळे सुटले. दादांचं बोट अजून सरावलं नव्हतं. टीट ते खटका यात माणूस मोकळा होण्याइतका वेळ जायचा. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी दादांनी धाकट्याला कपाटात घातलं आणि म्हणाले, "सुटल्याली मानसं टिपायचा धंदा हाय ह्यो. इज्जत गेली."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये ते प्रिंट काढले. एकही धुरकट नव्हता. म्हातारी बोळकं उघडून हसत होती, सून पदर तोंडाला लावून सासूकडे बघत होती, पोर बाकावरून निम्मं घसरलेलं. इतक्या वर्षांत दादांच्या रोलमधून अशी माणसं बाहेर आलेली मी पाहिली नव्हती. घरी आणून दाखवले, तर दादांनी डोळा तिरका करून कडेच्या नजरेनं बघितले आणि बाजूला ठेवले. "ह्ये फोटू न्हाईत. ह्या चहाड्या हायेत."

म्हातारीनं मात्र ते पैसे देऊन नेले. नेताना मला म्हणाली, "मी अशी हासत्ये व्हय? म्हाताऱ्यानं कंदी सांगितलं न्हाई."

मी कॅमेऱ्याबरोबरचं माहितीपुस्तक चाळून त्यात टीट बंद करायची सोय शोधून काढली. फार मोठा शोध लावल्याच्या थाटात दादांना काही न सांगता टीट बंद केली आणि आईला धबधब्यापुढे बसवलं. दादांनी डोळा लावला. बटण निम्मं दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. कॅमेरा खाली घेतला.

"टीट कुठं गेली?"

"बंद केली. लोक फसतात ना."

"चालू कर."

"पण दादा..."

"चालू कर म्हन्तो ना." मग आवाज उतरवून म्हणाले, "मला सांदा दिसत न्हाई, बाई. ती वाजती, तवा कळतंय जुळला. कानानं जुळिवतो मी आता."

आई बाकावर श्वास धरूनच बसली होती. मी टीट चालू केली. आमचं ते माणूस आणि ते टरफल, दोघांचं जमलं होतं, आणि मला ते कळायला इतके दिवस लागले. मला इतकं बरं वाटलं की मी आईच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, दोघींचा काढा.

त्यानंतर दादांनी माणसंच नव्यानं शिकवायला घेतली. "टीट झाली की धरा, खटका झाला की सोडा." प्रत्येक गिऱ्हाइकाकडून आधी तालीम. मढीच्या यात्रेत तर ते शाळामास्तरासारखे रांगेला ओरडून सांगत होते. शंभरात दहा तरी फसायचेच, पण हळूहळू गाव शिकलं. एसटी स्टँडवर कुणी हॉर्न वाजवला तरी पोरं छाती फुगवून उभी राहायची.

धाकट्याचं एक मात्र बिनसलं. शेवगावला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते. फोटो आले तर साडी राखेच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. मी हिरमुसले, आणि दादा खदखदून हसले. डॉक्टरांकडून आल्यापासून पहिल्यांदा. "ह्येला डोळा हाय, पन पांडरं ठावं न्हाई! एवडं पांडरं दिसलं की ह्यो घाबरतोय, वाटतंय लई ऊन पडलं, आन पापन्या मिटून घेतोय." थोरल्यातली उजेडाची सुईसुद्धा पांढऱ्या साडीपुढे अशीच गडबडायची, पण दादांनी तिचं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी धाकट्याची आपोआपची चकती बंद करून उजेड हातानं लावायला सुरुवात केली. थोरल्यावर शिकलेलं सगळं धाकट्याच्या कामी आलं. शेवगावच्या फोटोग्राफरचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

माझ्या लग्नात दादा नवा सदरा घालून, गळ्यात धाकटा अडकवून सगळ्यांच्या पुढे. वचनं झाली, हार झाले, फुलं पडली. मग त्यांनी मला एकटीला मंडपाच्या कडेला, सावलीत उभं केलं. पांढरी साडी, हातात हार. दादांनी चकती फिरवली, डोळा लावला.

टीट.

मी श्वास धरला. सगळ्या गावाला शिकवलेलं, मी कशी चुकेन? मान ताठ, छाती फुगलेली, भिंतीवरच्या माणसांसारखी. खटका काही होईना. मला वाटलं, सेल संपले. मग वाटलं, डोळ्याला काही झालं का. पलीकडे एसटीचा हॉर्न वाजला, कुठलंसं पोर छाती फुगवून उभं राहिलेलं दिसलं, आणि दादा तसेच, कॅमेरा डोळ्याला लावून गप्प. शेवटी मला धरवेना. भसकन श्वास सुटला, त्या पोराकडे बघून हसू आलं, दादांकडे बघून डोळे भरून आले, आणि मी म्हटलं, "दादा, काय झालं वो?"

खटका तेव्हा झाला. रोल आपोआप पुढे सरकला. दादांचा अंगठा तरीही थोरल्याची रोल सरकवायची खिट्टी ओढावी तसा कोऱ्या प्लॅस्टिकवरून फिरला, आणि त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

पाचपरतावणीला माहेरी आले तेव्हा ते प्रिंट आले होते. साडी पांढरीशुभ्र, एकेक चुणी मोजून घ्यावी अशी. आणि मी, निम्मी हसणारी, निम्मी रडणारी, तोंड उघडं, हार वाकडा. ज्या माणसानं सगळ्या पंचक्रोशीला श्वास धरायला लावला, त्याच्या एकुलत्या एक पोरीचा हा फोटो. मी लटक्या रागानं म्हटलं, "दादा, चांगली श्वास धरून उभी होते की. टीट झाल्यावर खटका का नाही केला?"

ते फडक्यानं धाकट्याला पुसत होते. थोरला शेजारीच, पुसून झालेला.

"टीट झाली तवा नवरी उभी हुती," ते म्हणाले. "मला माझी पोर पायजे हुती. म्हनून थांबलो."