तीन पानांच्या कोरफडीसाठी सिल्वासा

सिल्वासाला लोक दुधनीच्या तलावाचं पाणी बघायला जातात; मी गेले माझीच चूक निस्तरायला.

आई गेल्यावर तिच्या दोन कुंड्या आम्ही बहिणींनी वाटून घेतल्या. मला फड्या निवडुंग, ताईला कोरफड. निवडुंगाचा तुटलेला फडा मातीत खोचला की रुजतो, म्हणून मी ताईला फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "कोरफडीचंही पान तोडून खोच." तिने एकेक करत बरीच खोचली. सगळी सडली, आणि पाणी घालून घालून मूळ झाडही बुडाशी कुजायला लागलं. झाड वाचवायचंच, असं ठरवूनच मी पिशवी भरली.

नाशिकहून पेठमार्गे गाडीने चारेक तास लागतात. घाटात वळणं बरीच आहेत, तेव्हा सकाळी लवकर निघा. कपराड्याला चहा घेतला. पुढे ट्रक आणि कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या की सिल्वासा आलंच. ताई तिथल्या आमली भागात राहते. भावजी तिथल्या सुताच्या कारखान्यात आहेत.

"तीनच पानं राहिलीत. आता हात लावू नकोस गं," म्हणत ताई दारातच रडली. मलाही रडू आलं, पण मी सुरी मागितली.

शेजारच्या मंगलाबाई नंदुरबारकडच्या. आमचा घोळ ऐकून त्या हसल्याच. "कोरफडनं पान रुजत नही, माय! खोड पाहिजे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निवडुंगाचा फडा दिसतो पानासारखा, पण ते त्याचं खोड. काटे जिथून येतात त्या ठिपक्यांतून नवा फडाही फुटतो. कोरफडीचं पान मात्र खरोखरचं पान. त्यात पाणी साठतं, कडेला दाते असतात, पण त्यातून झाड होत नाही. दोघांना एकाच माळेत ओवणारी मी!

कुजलेलं बूड कापत गेले, पांढरं खोड लागेपर्यंत. ताईने डोळे मिटून घेतले होते.

"लगेच मातीत नको," मंगलाबाई म्हणाल्या. "दारले उलटी टांगा. जखम वाळू द्या."

आई दृष्ट लागू नये म्हणून कोरफड अशीच टांगायची. ताईने सुतळी आणली.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरचं गरम खमण खाऊन मी निघाले. घरी आल्यावर आधी निवडुंगाजवळ गेले आणि उगाचच त्याची माती चाचपली.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. "अगं, पांढरं मूळ आलंय! आता लावू का?"

"मला नको, मंगलाबाईंना विचार."

"विचारलं. म्हणाल्या, आधी बहिणीला सांग."

आणि ताई हसली. आई गेल्यापासून तिचं असं हसू मी ऐकलंच नव्हतं.